बंद खात्यांच्या नोंदी

नुकसान कळलं तो सोमवार होता. गिऱ्हाइकांच्या नोंदींची नवी सिस्टीम सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि ऑफिसातल्या लोकांचं तिच्याशी अजून नीट जमत नव्हतं. मिस्त्रीचा फोन आला तेव्हा तो चहा घेऊन नुकताच जागेवर बसला होता.

मिस्त्री हा कंपनीतला सगळ्यात जुना कारागीर. कंपनी जिन्यावरच्या खुर्च्या बसवते. जिन्याच्या कडेने एक रूळ जातो, त्यावरून खुर्ची सरकते, आणि गुडघे गेलेलं माणूस तिच्यात बसून वर-खाली करतं. जिना सरळ असला तर रूळ तयार मिळतो. वळणाचा असला तर त्या घरापुरता तो वाकवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मापाचं चित्र लागतं. मिस्त्री अशाच एका वळणाच्या जिन्याखाली उभा होता. वळणावरचा रूळ तडकला होता, आणि घरातल्या म्हातारबाई वरच्या खोलीत अडकून पडल्या होत्या.

"हमाल," मिस्त्री म्हणाला, "तुझ्या नव्या घरात भांडीकुंडी आली नाहीत रे. नुसत्या भिंती आहेत."

हमाल हे त्याचं ऑफिसातलं नाव. एका सिस्टीममधला माल उचलून दुसरीत नेऊन ठेवायचा, हे त्याचं काम. ते नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण त्याला ते कधी टोचलं नाही. त्याने मिस्त्रीला पान पुन्हा उघडून बघायला सांगितलं. मिस्त्रीने उघडलं. गिऱ्हाइकाचं नाव होतं, पत्ता होता, फोन नंबर होता. त्याखाली झालेले फोन, भेटी, तक्रारी असायला हव्या होत्या, आणि प्रत्येक नोंदीला टांगलेले फोटो, मापं, चित्रं. तिथे काहीच नव्हतं.

त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर ते पान काढलं. कोरं. दुसरं गिऱ्हाईक काढलं, तिथे सगळं जागच्या जागी होतं. तिसरं काढलं, अर्धं होतं, अर्धं नव्हतं. आता चहाकडे त्याचं लक्ष राहिलं नाही. चौथं, पाचवं, सहावं. मग त्याने जुनी सिस्टीम शेजारी उघडून ठेवली आणि इकडे काय नाही, तिकडे काय आहे, हे एकेक लावून बघायला घेतलं.

जे आलं नव्हतं ते सगळं एकाच माणसाने लिहिलेलं होतं. त्याच्या बायकोने.

ती फोनवर बसायची. याच मजल्यावर, खिडकीकडच्या रांगेत. गिऱ्हाइकांत तिचं नाव खुर्चीवाल्या ताई. जिन्याचा फोटो कसा काढायचा, टेप कुठून कुठे धरायची, हे ती म्हाताऱ्या माणसांना फोनवर न कंटाळता समजावायची, आणि आलेलं सगळं त्या-त्या फोनच्या नोंदीला जोडून ठेवायची. गेल्या थंडीत एका शनिवारी तिला ताप आला, आणि पुढचा शनिवार तिने बघितला नाही. गेलेल्या माणसाचं सिस्टीममधलं खातं बंद करायचं असतं. ते काम त्याच्याच टेबलावर येतं. दुसरा कुणी करतो म्हणाला होता, पण त्याने करू दिलं नाही. परक्या हाताने ते व्हायला नको, असं त्याला वाटलं. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका त्याने स्वतः राखाडी केला आणि जागेवरून उठून बराच वेळ जिन्यात उभा राहिला.

नोंदी हलवायची एक रीत असते. आधी माणसं न्यायची, मग गिऱ्हाइकं, मग माणसांनी गिऱ्हाइकांशी केलेले फोन आणि भेटी, आणि सगळ्यात शेवटी फायली. प्रत्येक नोंदीला एक मालक लागतो. मालक नसेल तर नवी सिस्टीम नोंद घेत नाही, आणि नोंद नसेल तर फाईल टांगायला खुंटीच उरत नाही. चाचणीच्या वेळी ढीगभर नोंदी परत आल्या होत्या, मालकाचं खातं बंद आहे म्हणून. कधीकाळी नोकरी सोडून गेलेल्या सेल्समनच्या असतील, असं तो समजला. त्यांचं जुनं गाठोडं आणायचं नाही हे आधीच ठरलं होतं. तिथे एक चौकोन होता, बंद खात्यांच्या नोंदी वगळा. त्याने त्यावर खूण केली. निवडलेलं आणि पोचलेलं यांचा आकडा बरोबर जुळला, आणि त्याने तो मोठ्या समाधानाने ऑफिसच्या प्रमुख मॅडमना दाखवला.

खूण करताना बायको त्याच्या मनातही आली नव्हती. बंद खाती म्हणजे सोडून गेलेली माणसं, आणि तिला त्याने त्या माणसांत कधी धरलंच नव्हतं. खातं स्वतःच्या हाताने बंद करूनही.

आधी मिस्त्रीचं काम. जुनी सिस्टीम अजून वाचता येत होती. त्याने म्हातारबाईंचं पान शोधलं, बायकोने केलेल्या फोनची नोंद सापडली, त्याखाली मापाचं चित्र सापडलं, आणि त्याने ते मिस्त्रीला पाठवून दिलं. मिस्त्रीने परत फोन करून सांगितलं की चित्र ठणठणीत आहे, रूळ वाकवायला टाकतो, तोवर म्हातारबाईंचं जेवण वर न्यायला लेकाला सांगितलंय. मग म्हणाला, "बाकीच्यांची चित्रं पण अशी एकेक करून पाठवणार का तू?"

नाही, हे दोघांनाही कळत होतं. जुन्या सिस्टीमचा करार संपला होता. शुक्रवारी संध्याकाळी ती बंद होणार होती, आणि बंद झाली की आत जे राहील ते पुसलं जाणार होतं.

मॅडमच्या खोलीत जायला त्याने दुपार केली. मॅडम त्याच्याहून वयाने लहान, बोलायला तोडून टाकणाऱ्या, पण मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटून दोन बोटं कपाळावर धरली आणि विचारलं की हे शुक्रवारच्या आत निस्तरता येईल का. तो येईल म्हणाला. मग अवघड कुठे आहे, मॅडम म्हणाल्या. एक 'जुने कर्मचारी' नावाचं खातं उघडायचं, ताईंच्या सगळ्या नोंदी त्याच्या नावावर टाकायच्या, झालं. मालक लागतो ना, मग कुणीही चालेल.

तसं का नको, याची त्याने कारणं सांगितली. कुणी कुणाशी काय बोललं होतं ते उद्या कळायला पाहिजे. तक्रार आली तर शोधायचं कुणाच्या नावाने. कारणं खोटी नव्हती, पण ती सांगताना त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता, आणि मॅडमना तो दिसत होता.

"तुला काय करायचंय ते सांग," मॅडम म्हणाल्या. "सिस्टीमचं सांगू नकोस."

"तिच्या नावावर न्यायच्यात."

"त्यासाठी खातं उघडावं लागेल."

"उघडतो."

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. खाली रस्त्यावर एक टेम्पो मागे मागे येत होता, त्याचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. "उघड," त्या म्हणाल्या. "पण काम झालं की बंद कर. गेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवलं तर मला वर उत्तर द्यावं लागतं."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याला एका जागी बसवेना. स्वयंपाकघरात जाऊन त्याने गॅस बंद आहे का पाहिलं, नळ पाहिला, पुन्हा गॅस पाहिला. घरात आता दोनच माणसं होती, तो आणि त्याच्या सासूबाई. सासूबाई मुलीकडे राहायला आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगी गेल्यावर मुलाने, म्हणजे त्याच्या मेहुण्याने, त्यांना बोलावलं होतं, पण त्या गेल्या नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. दोघं एकाच टेबलावर जेवत आणि मीठ हवंय का एवढंच बोलत.

त्या दिवशी त्या बघत राहिल्या. तो तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्यांनी विचारलं, "जावईबापू, काय हरवलंय?"

त्याने सांगायचा प्रयत्न केला. खाती, नोंदी, मालक, चौकोन. आपण घर बदलतो तसं हे आहे, तो म्हणाला, जुन्या घरातलं सामान नव्या घरात नेतो तसं. सासूबाईंनी हातातला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला.

"म्हणजे सगळ्यांचं सामान नेलंत आणि माझ्या लेकीचं मागे ठेवून आलात."

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"विसरलात?"

"नाही विसरलो. ती त्यांच्यात आहे हेच लक्षात नव्हतं."

सासूबाई रडतील असं त्याला वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. उठून त्यांनी त्याच्या ताटात आणखी वाढलं, त्याने नको म्हटलं तरी. "परत जा आणि आणा," त्या म्हणाल्या. "ते घर पाडलं नाही ना अजून?"

मंगळवारी त्याने तिचं खातं नव्या सिस्टीममध्ये उघडलं. नाव टाकलं, हुद्दा टाकला, ठिपका हिरवा झाला. पुढच्या क्षणी खिडकीकडच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची करकरली. तिच्या जागेवर आता बसणारी मुलगी उठून त्याच्या टेबलाशी आली. फोन दुसऱ्याकडे वळवायचा असला की समोर नावांची यादी येते, तिच्यात ताईंचं नाव आलंय, ती म्हणाली. काही चुकलंय का, हे विचारायला आले. तिचा चेहरा उतरला होता.

"चुकलेलं नाही. शुक्रवारपर्यंत दिसेल."

"फोन वळवू का नको?"

"नको," तो म्हणाला, आणि मग त्यालाच हसू आलं. मुलगीही हसली, आणि जागेवर परत गेली.

दिवसभर त्या रांगेतून कुणी ना कुणी मान वळवून त्याच्याकडे बघत होतं. त्याने लक्ष दिलं नाही. आधी नोंदींची एक छोटी रास नेऊन बघितली. पोचली, पण सगळ्यांवर त्या मंगळवारचीच तारीख पडली. तिने वर्षानुवर्षं केलेले फोन एकाच सकाळी केल्यासारखे दिसू लागले. कामाची घाई असताना असा घोळ लोक चालवून घेतात. तारखा काय, नंतर बघू, असं म्हणतात. त्याला ते बघवलं नाही. त्याने सगळी रास पुसली, जुन्या तारखा घ्यायची परवानगी मिळवण्यासाठी सिस्टीम विकणाऱ्यांशी फोनवर अर्धा दिवस हुज्जत घातली, आणि बुधवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नोंदी सरकू लागल्या. तो बसून बघत राहिला, मग उठला, पाणी पिऊन आला, पुन्हा बसला. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की मागे काहीतरी अडकेल असं वाटे. समोरून तिचं लिहिलेलं जात होतं. ती लिहायची तेही बोलल्यासारखं. 'बाबांना ऐकू कमी, सावकाश बोलावे.' 'जिन्याचा फोटो उलटा आलाय, त्यांना उलटा म्हणू नये, वाईट वाटते, आपणच फिरवून घ्यावा.' 'घरात कुत्रा. मिस्त्री घाबरतो, आधी बांधायला सांगणे.' कुत्र्याचं वाचून त्याने ते मिस्त्रीला कळवलं. मी घाबरत नाही, सावध असतो, असं मिस्त्रीचं उत्तर आलं.

फायलींनी जास्त छळलं. काही इतक्या मोठ्या होत्या की नवी सिस्टीम त्या घेईना, काहींची नावं सारखी होती आणि एक दुसरीवर जाऊन बसे. 'जिना', 'जिना', 'जिना'. शेकडो घरांचे जिने, सगळ्यांचं नाव एकच. प्रत्येकाच्या नावापुढे त्याला गिऱ्हाइकाचा क्रमांक लावावा लागला. एरवी या कामाला दोन माणसं लागली असती. मॅडमनी माणूस देऊ केला, तो नको म्हणाला. मॅडमनी आग्रह केला नाही, पण दुपारी कुणाच्या तरी हाती त्याच्यासाठी खायला पाठवलं.

शुक्रवारी दुपारी सगळं पार झालं. त्याने आकडे जुळवले. या वेळी आकड्यांवर विसंबून राहिला नाही. मनाला येईल ते गिऱ्हाईक काढायचं, इकडे बघायचं, तिकडे बघायचं. म्हातारबाईंचंही काढलं. चित्र जागेवर होतं. संध्याकाळी जुन्या सिस्टीमवर राखाडी पाटी आली, आणि ती मिटली. त्याने घरी फोन केला आणि सामान आणलं, असं सासूबाईंना सांगितलं. सगळं का, असं त्यांनी विचारलं. सगळं, तो म्हणाला. बरं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता खातं बंद करायचं होतं. कॉम्प्युटर बंद केला, चष्मा पुसला. सोमवारी करू, असं म्हणून तो निघाला.

सोमवारी सकाळी मॅडमनी त्याला बोलावलं. नव्या सिस्टीमची एक सवय होती. आठवड्याच्या सुरुवातीला कुणाची कुठली कामं रखडलीत, त्याची यादी ती वरिष्ठांना पाठवायची. मॅडमच्या समोर ती यादी होती. सगळ्यात वर त्याच्या बायकोचं नाव होतं, लाल अक्षरांत.

झालेल्या फोनांबरोबर न झालेलेही आले होते. पुढच्या आठवड्यात फोन करते, महिन्याने विचारते, असं ती लोकांना सांगायची आणि तसं काम स्वतःच्या नावावर लावून ठेवायची. खातं बंद झाल्यावर जुन्या सिस्टीमने ती सगळी कामं झाकून टाकली होती. कुणाला दिसली नाहीत, कुणी फोन केले नाहीत. 'खुर्चीचा आवाज थांबला का विचारणे.' 'आई एकट्याने बसतात का?' 'भीती गेली का विचारणे. बोलायला आवडते त्यांना, वेळ ठेवणे.'

"सगळी निवड आणि 'पूर्ण' कर," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "एका क्लिकचं काम आहे. मग खातं बंद कर."

तो जागेवर आला. यादी उघडली, सगळी निवडली. सगळ्या ओळी निळ्या झाल्या. एवढी वर्षं इकडचा माल तिकडे नेला, पण जे झालं नाही त्यापुढे झालं असं त्याने कधी लिहिलं नव्हतं. ती लोकांना फोन करते म्हणाली होती. त्याने निवड काढून टाकली आणि पहिल्या ओळीतला नंबर फिरवला.

फोनवर बोलणं हे त्याचं काम नव्हतं. ते तिचं होतं. पलीकडे घंटा वाजत राहिली, आणि कुणी उचलू नये असं त्याला मनापासून वाटलं. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. त्याने कंपनीचं नाव सांगितलं.

"खुर्चीवाल्या ताई कुठायत?" म्हातारा म्हणाला. "करते म्हणाल्या होत्या फोन. मी फोनजवळच बसून असायचो. नंतर सोडून दिलं."

बाकीच्या लोकांनी आजवर हे दुसऱ्या कुणाकडून ऐकलं होतं. शेजाऱ्यांना मेहुण्याने सांगितलं होतं, ऑफिसात मॅडमनी. त्याच्या स्वतःच्या तोंडून ते वाक्य अजून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. त्याने टेबलाची कड धरली.

"त्या वारल्या," तो म्हणाला. "थंडीत. म्हणून फोन आला नाही. मी त्यांचा नवरा."

मग म्हाताऱ्याने घसा साफ केला. वाईट झालं, असं काही तो म्हणाला नाही. आपण वर-खाली नीट करतो, त्याने सांगितलं. पहिले काही दिवस खुर्चीत बसायची भीती वाटायची, तर ताई फोन चालू ठेवायला सांगायच्या आणि तो वर पोचेपर्यंत बोलत राहायच्या. आता भीती वाटत नाही. मग त्याने विचारलं, "जेवताय ना वेळेवर?"

"जेवतो. सासूबाई वाढतात."

"मग बरं."

फोन ठेवल्यावर त्याने नोंद केली. तिच्या कामापुढे पूर्ण लिहिलं, आणि फोन कुणी केला तिथे स्वतःचं नाव घातलं. काय बोलणं झालं त्या रकान्यात 'भीती गेली' एवढंच लिहिलं. आणखी काही लिहावं की नाही ते त्याला ठरवता येईना, म्हणून तसंच सोडून दिलं. मॅडम काचेपलीकडून बघत होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं.

दुसरा नंबर लागला नाही. तिसऱ्या घरी फोन शेजारणीने उचलला, घरचं कुणी नाही, संध्याकाळी करा म्हणाली. जेवायच्या सुट्टीची वेळ झाली. यादीतले बाकीचे सगळे फोन करायचे राहिलेत, आणि तिचं खातं अजून बंद केलेलं नाही.